विलंबित यौवनागम : अस्थींची लांबी आणि अस्थींचे बळ

१. प्रश्नाचे स्वरूप

मुलीच्या बाबतीत वयाच्या १३ व्या वर्षापर्यंत स्तनवृद्धीस आरंभ न होणे आणि मुलाच्या बाबतीत १४ व्या वर्षापर्यंत वृषणाचे आकारमान ४ मिलिलिटरपर्यंत न पोहोचणे, यास वैद्यकशास्त्रात विलंबित यौवनागम असे म्हणतात. ही वयोमर्यादा सोयीसाठी आखलेली आहे. निसर्गात अशी काटेकोर रेषा नाही. निरोगी मुलांमध्येही वयात येण्याच्या काळात चार-पाच वर्षांचे अंतर आढळते. तथापि या मर्यादेपलीकडे गेलेल्या मुलांकडे कुटुंबाचे व वैद्यांचे लक्ष वेधले जाते, आणि त्या वेळी पहिला प्रश्न विचारला जातो तो बहुधा उंचीचा. बरोबरीची मुले भराभर वाढत असता आपले मूल मागे का राहिले, ही पालकांची चिंता स्वाभाविक आहे. ‘उशिरा वाढ लागेल, पण शेवटी उंची भरून निघेल’ हे त्यावर मिळणारे उत्तरही पुष्कळ अंशी खरे आहे.

परंतु या उत्तराने प्रश्नाचा अर्धाच भाग सुटतो. अस्थींची लांबी ही एक गोष्ट आणि त्यांचे बळ ही दुसरी. लांबी डोळ्यांना दिसते, फूटपट्टीने मोजता येते. बळ मात्र हाड मोडेपर्यंत दृष्टीस पडत नाही. यौवनागम लांबला असता लांबीला वाढण्यास अधिक अवधी मिळतो, पण त्याच काळात अस्थींत साठावयाच्या खनिज द्रव्याचा मोठा वाटाही लांबणीवर पडतो. हा वाटा पुढे पूर्णपणे पदरात पडतो, की त्यातील काही भाग कायमचा हातचा जातो, हा या विषयातील खरा वादाचा मुद्दा आहे. गेल्या तीन दशकांतील संशोधनाने त्यास दिलेले उत्तर सरळ एका शब्दाचे नाही, आणि ते समजून घेण्यासाठी प्रथम अस्थिवृद्धीची यंत्रणा ध्यानात घेणे आवश्यक आहे.

२. लांबीची वाढ व तिचा शेवट

लांब हाडाच्या टोकाजवळ कूर्चेचा एक पातळ थर असतो. त्यास येथे वृद्धिकूर्चा म्हटले आहे. या थरातील पेशी विभागतात, फुगतात, त्यांच्याभोवतीचा भाग खनिजाने भरतो आणि अखेर त्या जागी हाड तयार होते. थर जिवंत आहे तोवर हाड लांब होते. थराचे संपूर्ण हाडात रूपांतर झाले की लांबीची वाढ थांबते.

बालपणी ही वाढ मुख्यतः पोषग्रंथीतील वृद्धिहॉर्मोन आणि अवटुग्रंथीतील हॉर्मोन यांच्या आधारावर चालते. या काळात हातपाय धडापेक्षा अधिक वेगाने वाढतात. यौवनागमाच्या आरंभी लैंगिक हॉर्मोनांचे प्रमाण वाढू लागते. अल्प प्रमाणातील ईस्ट्रोजेनमुळे वृद्धिहॉर्मोनाचा स्राव वाढतो व उंची झपाट्याने वाढू लागते. कण्याच्या वाढीस विशेष जोर येतो तोही याच काळात. पुढे ईस्ट्रोजेनचे प्रमाण आणखी वाढले की त्याचा परिणाम उलट दिशेने होतो. वृद्धिकूर्चेतील पेशींची विभाजनक्षमता मर्यादित असते, आणि ईस्ट्रोजेन ती लवकर संपुष्टात आणते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सशांवरील प्रयोगांतून असे दिसून आले की ईस्ट्रोजेन या थराला थेट बंद करीत नाही. ते त्याचे वार्धक्य त्वरेने घडवून आणते, आणि थकलेला थर मग हाडात मिटून जातो.

यावरून विलंबित यौवनागमातील शरीराची ठेवण उलगडते. हातपाय वाढण्याचा बालपणीचा काळ लांबतो, कण्याच्या वाढीचा काळ पुढे सरकतो. परिणामी पाय लांब आणि धड तुलनेने आखूड अशी आकृती दिसते. यौवनागम कधीच न झालेल्या व्यक्तींत ही ठेवण पराकोटीला जाते. अठराव्या शतकातील प्रख्यात इटालियन गायक फारिनेल्ली याचे बालपणीच वृषणहरण झाले होते. त्याचे अवशेष २००६ मध्ये बोलोन्या येथे उकरून तपासण्यात आले, तेव्हा मृत्युसमयी सत्तरी ओलांडलेल्या या पुरुषाच्या कटिफलकाच्या कडेवर, तारुण्यातच पुसली जावयास हवी होती ती सांध्याची रेषा शिल्लक आढळली.

३. एका रुग्णाचा पुरावा

पुरुषांची हाडे टेस्टोस्टेरोनमुळे आणि स्त्रियांची ईस्ट्रोजेनमुळे परिपक्व होतात, अशी समजूत विसाव्या शतकाच्या बहुतेक काळात प्रचलित होती. अमेरिकन वैद्य फुलर ऑलब्राइट यांनी १९४० च्या सुमारास ऋतुनिवृत्तीनंतरची अस्थिविरलता व ईस्ट्रोजेनची उणीव यांचा संबंध दाखवून दिला होता; पुरुषांच्या बाबतीत तेच कार्य टेस्टोस्टेरोन करीत असावे, असे गृहीत धरले जाई.

या समजुतीला १९९४ मध्ये धक्का बसला. त्या वर्षी एरिक स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका २८ वर्षे वयाच्या पुरुषाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याचे शरीर सर्व दृष्टींनी पुरुषी होते व रक्तातील टेस्टोस्टेरोनचे प्रमाणही योग्य होते. परंतु त्याची उंची २०४ सेंटिमीटर होती आणि ती अजून वाढतच होती. क्ष-किरण चित्रावरून त्याच्या हाडांचे वय केवळ १५ वर्षे ठरत होते, आणि अस्थिघनता फार कमी होती. त्याच्या पेशींतील ईस्ट्रोजेनग्राहक एका जनुकीय दोषामुळे निकामी होता. ईस्ट्रोजेन त्याच्या शरीरात भरपूर होते, पण हाडांना त्याची हाक ऐकूच येत नव्हती. त्वचेवाटे मोठ्या मात्रेत ईस्ट्रोजेन देऊनही काही फरक पडला नाही.

थोड्याच काळात याची दुसरी बाजू पुढे आली. टेस्टोस्टेरोनचे ईस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करणारे ॲरोमॅटेज हे एंझाइम ज्यांच्यात नव्हते, अशा पुरुषांतही हीच लक्षणे आढळली. अशा एका रुग्णाचा वृत्तांत १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याला टेस्टोस्टेरोन दिले असता हाडांवर परिणाम झाला नाही. ईस्ट्रोजेन दिल्यावर मात्र वृद्धिकूर्चा मिटल्या आणि अस्थिघनता वाढली.

या दोन प्रकारच्या रुग्णांवरून जो निष्कर्ष निघतो तो मूलगामी आहे. मुलगा असो वा मुलगी, लांबीची वाढ थांबविणारे आणि अस्थींत खनिजाचा साठा टिकवून धरणारे हॉर्मोन एकच आहे. म्हणून ईस्ट्रोजेनचा अभाव हाडाला एकाच वेळी लांबही करतो आणि विरळही. याचा अर्थ टेस्टोस्टेरोन निरुपयोगी आहे असा नव्हे. हाडाची जाडी वाढविण्यात व स्नायू बळकट करण्यात त्याचा स्वतंत्र वाटा आहे, आणि बळकट स्नायूंचा ताण हाडालाही बळकट करतो.

४. बळ कशात असते

हाडाचे बळ केवळ त्यातील खनिजाच्या प्रमाणावर ठरत नाही. ते खनिज कोठे मांडले आहे यावरही ठरते. पोकळ नळीसारख्या हाडाचा वाकण्यास होणारा विरोध हा बाह्य त्रिज्येच्या चतुर्थ घातातून आंतर त्रिज्येचा चतुर्थ घात वजा केला असता मिळणाऱ्या संख्येच्या प्रमाणात असतो. एका नळीची बाह्य त्रिज्या १० मिलिमीटर व आंतर त्रिज्या ६ मिलिमीटर आहे असे समजा. आता तितकेच द्रव्य वापरून बाह्य त्रिज्या ११ मिलिमीटर केली, तर आंतर त्रिज्या सुमारे ७.५ मिलिमीटर होईल. द्रव्य कणभरही न वाढता नळीचा वाकण्यास होणारा विरोध सुमारे ३१ टक्क्यांनी वाढेल. एक मिलिमीटर बाहेर सरकण्याचे मोल इतके आहे.

यौवनागमात मुलगे व मुली हे द्रव्य वेगवेगळ्या जागी मांडतात. स्टॅन्ली गार्न यांनी तळहाताच्या हाडांच्या क्ष-किरण चित्रांची मोजमापे घेऊन १९७० मध्ये हे तपशीलवार दाखविले. मुलग्यांत अस्थ्यावरणाखाली, म्हणजे हाडाच्या बाह्य पृष्ठावर, नवे हाड चढते व हाड रुंद होते. मुलींत ईस्ट्रोजेनच्या प्रभावाने बाहेरची वाढ आवरली जाते आणि मज्जापोकळीच्या बाजूने, आतून, हाडाची भर पडते. यास्तव विलंबाचा परिणामही दोघांत सारखा असण्याचे कारण नाही. मुलग्यात हाड अरुंद राहण्याची, तर मुलीत ते पुरेसे रुंद असूनही त्याची भिंत पातळ राहण्याची शक्यता अधिक असते.

खनिजसाठ्याच्या कालक्रमाविषयीची सर्वांत उपयुक्त माहिती कॅनडातील सॅस्कॅचेवन विद्यापीठातून मिळाली. तेथे १९९१ पासून मुलामुलींच्या एका गटाची वर्षानुवर्षे मोजणी करण्यात आली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार उंचीवाढीचा वेग मुलींत सरासरी ११.८ व्या व मुलग्यांत १३.४ व्या वर्षी शिखरावर पोहोचतो. खनिज साठण्याचा वेग मात्र शिखर गाठतो तो त्यानंतर सुमारे आठ महिन्यांनी, म्हणजे अनुक्रमे १२.५ व १४.१ व्या वर्षी. या शिखराभोवतीच्या केवळ दोन वर्षांत प्रौढपणीच्या एकूण अस्थिखनिजापैकी सुमारे २६ टक्के साठा होतो.

या आकड्यांतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, लांबी पुढे धावते व खनिज तिच्यामागून येते. त्या मधल्या अवधीत हाड तात्पुरते नाजूक असते, आणि मनगटाजवळच्या अस्थिभंगांचे प्रमाण याच वयात वाढते. दुसरी, आयुष्यभराच्या पुंजीपैकी चौथा हिस्सा इतक्या थोड्या काळात जमा होत असल्यामुळे तो काळ केव्हा येतो आणि कोणत्या परिस्थितीत येतो, यास मोठे महत्त्व प्राप्त होते.

५. मोजमापातील अडचण

विलंबित यौवनागम व अस्थिघनता यांचा संबंध प्रथम ठळकपणे मांडला तो जोएल फिंकेलस्टाइन व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये. ज्यांना यौवनागम उशिरा, पण आपोआप आला होता, अशा २३ तरुण पुरुषांची २१ सामान्य पुरुषांशी तुलना करता अग्रबाहू व कणा या दोन्ही ठिकाणी त्यांची अस्थिघनता कमी आढळली. या शोधाने खळबळ उडाली. कारण या प्रकारचा विलंब तोपर्यंत सर्वस्वी निरुपद्रवी मानला जात होता.

पण १९९८ मध्ये इटलीतील बर्तेल्लोनी यांच्या गटाने अशाच पुरुषांची तपासणी करून, आकारमानाचा विचार केल्यास घनता सामान्यच भरते, असा निर्वाळा दिला. या विसंवादाचे मूळ बऱ्याच अंशी मोजण्याच्या पद्धतीत आहे. प्रचलित डेक्सा यंत्र क्ष-किरणांच्या साहाय्याने हाडाची सपाट छाया मोजते. ते खनिजाच्या वजनाला छायेच्या क्षेत्रफळाने भागते. हाडाची खोली त्याला दिसत नाही. एकाच द्रव्याचे दोन घन घेतले, एकाची बाजू २ सेंटिमीटर व दुसऱ्याची ३ सेंटिमीटर, तर द्रव्य तेच असूनही या पद्धतीने मोठ्या घनाची ‘घनता’ दीडपट भरेल. लहान चणीच्या किंवा वाढ अपुरी असलेल्या मुलाचे हाड त्यामुळे प्रत्यक्षात असते त्याहून विरळ भासते.

म्हणून अशा मुलाच्या अहवालातील आकडा जन्मवयाच्या कोष्टकाशी ताडून पाहणे पुरेसे नसते. त्याची उंची व हाडांचे वय यांचाही हिशेब धरावा लागतो. कोष्टक कोणत्या लोकसमूहावरून तयार केले आहे हेही पाहावे लागते. या दृष्टीने पुण्यातील हिराबाई कावसजी जहांगीर वैद्यकीय संशोधन संस्थेतील संशोधकांनी ५ ते १७ वर्षे वयाच्या निरोगी भारतीय मुलामुलींसाठी तयार केलेली व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेली अस्थिमापनाची कोष्टके महत्त्वाची आहेत. पाश्चात्त्य मुलांच्या कोष्टकांवर भारतीय मुलांना तोलल्यास आकाराच्या फरकामुळे होणारी चूक दुणावते.

तथापि मोजमापाचा दोष दाखविल्याने प्रश्न मिटत नाही. अरुंद हाडाची घनता सामान्य असली तरी ते अरुंदच असते, आणि चतुर्थ घाताचा नियम त्यास सोडीत नाही.

६. लांबलेले की गमावलेले

या प्रश्नाचे उत्तर एका वेळच्या मोजणीने मिळणे शक्य नव्हते. त्यासाठी त्याच व्यक्तींना पुनःपुन्हा मोजावे लागले. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे तरुण पुरुषांच्या एका मोठ्या गटाची सुमारे १९ व्या व पुन्हा २४ व्या वर्षी तपासणी झाली. २००६ मधील अहवालात उशिरा वाढलेल्या तरुणांची घनता कमी व त्यांच्यातील पूर्वीच्या अस्थिभंगांचे प्रमाण अधिक आढळले होते. २०१२ मधील अहवालाने चित्र बदलले. मधल्या पाच वर्षांत या तरुणांनी बरीच मजल मारली होती. कणा व मांडीच्या हाडाची मान या ठिकाणी तूट उरली नव्हती. अग्रबाहूच्या हाडात मात्र ती शिल्लक होती.

इंग्लंडमधील ब्रिस्टल परिसरात १९९१ व १९९२ मध्ये जन्मलेल्या मुलांच्या दीर्घकालीन अभ्यासातही याच स्वरूपाचा निष्कर्ष निघाला. सहा हजारांहून अधिक व्यक्तींची १० ते २५ वर्षे या वयांत वारंवार मोजणी करून २०१९ मध्ये असे दाखविण्यात आले की उशिरा वयात आलेल्यांचा खनिजसाठा नंतर अधिक वेगाने वाढतो, अंतर कमी होते, परंतु २५ व्या वर्षापर्यंत ते पूर्णपणे मिटत नाही. ब्रिटनमध्येच १९४६ साली जन्मलेल्या गटाची साठी ओलांडल्यावर तपासणी झाली, तेव्हा उशिरा वयात आलेल्यांच्या मनगटातील जालमय अस्थी तुलनेने विरळ आढळली. म्हणजे अंतर लहान असले तरी त्याची खूण दीर्घकाळ राहू शकते.

यावर एक रास्त आक्षेप असा की विलंब आणि विरळ हाड ही दोन्ही एकाच अनुवंशाची फळे असतील. पहिले दुसऱ्याचे कारण असेलच असे नाही. जिनीव्हा येथील संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या आक्षेपाला बळ देतो. ज्या मुलींना पुढे ऋतुप्राप्ती उशिरा झाली, त्यांच्या हाडांतील फरक त्याआधी सुमारे पाच वर्षे, म्हणजे ईस्ट्रोजेनचा प्रभाव सुरू होण्यापूर्वीच दिसू लागला होता. उलट, यौवनागमाचा काळ ठरविणाऱ्या जनुकभेदांच्या आधारे २०१८ मध्ये केलेल्या विश्लेषणाने विलंब हा स्वतःही अस्थिघनता कमी करतो असे सुचविले. दोन्ही पुरावे एकत्र ठेवले असता, अनुवंश पाया घालतो व विलंब त्यात आपली भर घालतो, असे मानणे सयुक्तिक ठरते.

७. कारणपरत्वे परिणाम

येथवरचे विवेचन मुख्यतः निरोगी पण मंदगतीने वाढणाऱ्या मुलांविषयी झाले. अशा घराण्यात वडील किंवा आई हीही उशिरा वयात आलेली असतात. या मुलांत घड्याळ उशिरा चालू होते, पण चालू होते. जेथे ते चालूच होत नाही, किंवा उपासमारीने अडवून धरलेले असते, तेथे परिस्थिती सर्वस्वी वेगळी असते.

अतिश्रम व अपुरा आहार यांचा परिणाम १९८६ मध्ये मिशेल वॉरेन व सहकाऱ्यांनी व्यावसायिक बॅले नर्तिकांच्या पाहणीतून मांडला. ७५ नर्तिकांपैकी २४ टक्के नर्तिकांच्या कण्याला बाक होता, आणि ऋतुप्राप्ती जितकी उशिरा तितके अस्थिभंगांचे प्रमाण अधिक होते. अस्थिभंगांपैकी बहुतेक आघाताने नव्हे, तर पुनःपुन्हा पडणाऱ्या ताणाने झालेले होते. सामान्यतः व्यायामाने हाड बळकट होते. परंतु अन्न अपुरे असले की शरीर अंडकोशाचे कार्य आवरते घेते, आणि मग ईस्ट्रोजेनविना व पोषणाविना पडणारा तोच ताण हाडाला मोडतो. थॅलॅसेमियासारख्या दीर्घ रोगांत वारंवार दिलेल्या रक्तातील लोह पोषग्रंथीत साठून यौवनागम अडतो. तेथे मूळ रोग व हॉर्मोनांची उणीव ही दोन्ही हाडावर घाला घालतात. भारतातील मुलांच्या बाबतीत आहारातील कॅल्शियमची व शरीरातील ड जीवनसत्त्वाची उणीव ही आणखी एक बाजू आहे. हॉर्मोन हाडाला खनिज साठविण्याची आज्ञा देऊ शकते, खनिज पुरवू शकत नाही.

उंची व बळ यांतील विरोध सर्वांत स्पष्ट दिसतो तो टर्नर लक्षणसमूहात. या मुलींत एक क्ष गुणसूत्र पूर्णतः वा अंशतः नसते, अंडकोश बहुधा अकार्यक्षम असतात व उंची कमी असते. उंचीसाठी थोडा अधिक अवधी मिळावा म्हणून ईस्ट्रोजेन देण्यास १४-१५ व्या वर्षापर्यंत किंवा त्याहूनही उशिरापर्यंत थांबण्याचा प्रघात पूर्वी होता. मिळालेल्या सेंटिमीटरांची किंमत हाडांच्या बळाने व बरोबरीच्या मुलींपासून मागे राहण्याच्या दुःखाने मोजली जात होती, हे पुढे लक्षात आले. २०१६ मधील आंतरराष्ट्रीय बैठकीतून निघालेल्या मार्गदर्शक सूचना ११ ते १२ व्या वर्षी अत्यल्प मात्रेने आरंभ करून ती हळूहळू वाढविण्याचा सल्ला देतात. अल्प मात्रेमुळे उंचीची हानी होत नाही. ॲरोमॅटेज रोखणारी औषधे देऊन मुलग्यांची उंची वाढविण्याच्या प्रयोगांनीही असाच इशारा दिला आहे. फिनलंडमधील अशा एका चाचणीत औषध घेतलेल्या काही मुलांच्या मणक्यांत सौम्य विकृती आढळल्या.

८. समारोप

सारांश, विलंबित यौवनागमात हाडाची लांबी व हाडाचे बळ एकमेकांपासून दुरावतात, आणि या दोहोंना जोडणारा दुवा, मुलगा असो वा मुलगी, ईस्ट्रोजेन हाच आहे. आनुवंशिक मंदगतीमुळे झालेल्या विलंबात तुटीचा मोठा भाग तारुण्यात भरून निघतो. जो उरतो तो लहान असतो आणि मुख्यतः अग्रबाहूसारख्या भागांत आढळतो. अशा मुलास केवळ हाडांच्या भीतीने औषध देण्याचे कारण नाही; त्याच्या मनःस्थितीसाठी काही महिने अल्प मात्रेत टेस्टोस्टेरोन दिल्यास मात्र अंतिम उंचीला बाध येत नाही. पुरेसा आहार, ऊन व खेळ यांची गरज या मुलास इतर मुलांइतकीच, किंबहुना अधिक असते. जेथे यौवनागम आपोआप येणारच नाही, तेथे मात्र वाट पाहणे हा उपचार होऊ शकत नाही. तेथे वाया जाणारे प्रत्येक वर्ष पुंजी साठविण्याच्या काळातले असते.

तेव्हा अशा मुलाची तपासणी करताना ‘उंची किती होईल’ या प्रश्नाबरोबर ‘विलंबाचे कारण कोणते’ हा प्रश्न तितक्याच निकडीने विचारला गेला पाहिजे. लांबलेले काय आणि गमावलेले काय, हे त्या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते.